कोअ‍ॅक्सची तिसरी वाट

चाळीस मीटर बँडचा डायपोल गच्चीवर बांधला, खाली खोलीत मीटर जोडला, एसडब्ल्यूआर १.४ दिसला आणि गडी खूश. पुढे टेबल खिडकीपासून हलवलं म्हणून केबलला दोन मीटरचा तुकडा जोडावा लागला, तर तोच मीटर २.२ दाखवू लागला. वर अँटेनाला कुणी हात लावलेला नाही. तारेची लांबी तीच, उंची तीच. हौशी रेडिओवाल्यांकडे यावर ठरलेला सल्ला असतो : केबल थोडी कमी-जास्त करून बघ, जमेल. आणि खरंच जमतं, हीच पंचाईत आहे. कारण हिशेबाप्रमाणे ते जमायला नको. एसडब्ल्यूआर ठरवते ती केबलच्या टोकाला असलेली अँटेना. ५० ओहमच्या केबलची लांबी बदलली की रेडिओच्या तोंडाशी दिसणारा इम्पिडन्स बदलतो हे खरं, पण वर गेलेल्या आणि परत फिरलेल्या लाटेचं प्रमाण तेच राहतं. लांब केबलमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते, त्यामुळे आकडा बदललाच तर किंचित कमी व्हावा. तो वाढतो, याचा अर्थ केबल वाढवताना आपण नकळत अँटेनाच वाढवली.

हे कसं घडतं ते कळलं की केबल आणि अँटेना यांच्यामध्ये लावायच्या बॅलन आणि चोक या वस्तूंबद्दलचा निम्मा गोंधळ मिटतो. त्यासाठी आधी केबलकडे नीट बघायला हवं.

कोअ‍ॅक्स सोलली तर आत दोनच वाहक दिसतात : मधली तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. रेडिओच्या वारंवारतेला मात्र तिथे तीन वाहक असतात. इतक्या वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह धातूच्या पोटात शिरत नाही, कातडीवरूनच वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात ०.०२५ मिलिमीटर खोल गेलं की त्याचा जोर एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतो. आणखी चार-पाच पट खोल गेलं की जवळपास काहीच नाही. जाळी ज्या बारीक तारांनी विणलेली असते त्याही यापेक्षा जाड असतात. त्यामुळे जाळीचा आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा पृष्ठभाग हे एकाच तांब्याचे दोन भाग असले तरी प्रवाहाच्या दृष्टीने दोन वेगळे रस्ते आहेत. मधल्या तारेवर जितका प्रवाह जातो, बरोबर तितकाच जाळीच्या आतल्या अंगावरून उलट्या दिशेने येतो. केबलच्या आतल्या क्षेत्रांची रचनाच तशी आहे, त्यात उन्नीस-बीस होत नाही. बाहेरच्या अंगाला असलं कुठलंच बंधन नाही. ती एक मोकळी तार आहे, रेडिओच्या पेटीपासून थेट अँटेनाच्या मध्यापर्यंत गेलेली.

आतले आणि बाहेरचे हे दोन रस्ते एकमेकांना फक्त केबलच्या टोकांना भेटतात. फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, आपण मधली तार डायपोलच्या एका हाताला जोडतो आणि जाळी दुसऱ्या हाताला. मधल्या तारेच्या प्रवाहाला एकच वाट आहे, तो मुकाट्याने आपल्या हातात जातो. जाळीच्या आतल्या अंगावरचा प्रवाह टोकाशी पोचतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात : डायपोलचा दुसरा हात, किंवा कडेवरून वळून जाळीच्या बाहेरच्या अंगाने परत खाली. शेतात पाटाला दोन फाटे फुटले की पाणी कुठल्या वावरात किती जाईल हे जसं उतार ठरवतो, तसं इथे दोन वाटांचा इम्पिडन्स ठरवतो. केबलवरून खाली उतरणाऱ्या या प्रवाहाला कॉमन-मोड प्रवाह म्हणतात. डायपोलच्या दोन हातांना मग सारखा प्रवाह मिळत नाही, आणि केबल हा अँटेनाचा तिसरा हात होऊन बसते.

बाहेरच्या वाटेचा इम्पिडन्स किती, हे तिच्या लांबीवर आणि खालच्या टोकाला काय जोडलंय यावर अवलंबून. समजा, रेडिओची पेटी पॉवर सप्लायमार्गे घराच्या अर्थला लागलेली आहे, आणि केबल अधिक अर्थची तार मिळून गच्चीपासून जमिनीपर्यंत साधारण २१ मीटर भरतात. चारमजली इमारतीत हे अगदी सहज होतं. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४२ मीटर, म्हणजे ही वाट बरोबर अर्ध्या तरंगलांबीची झाली. खालचं टोक जमिनीला टेकलेलं असेल तर अर्ध्या तरंगलांबीवर वर पुन्हा तसाच कमी इम्पिडन्स दिसतो. डायपोलच्या हाताइतकीच, कधी त्याहूनही सोपी वाट. १४ मेगाहर्ट्झला तीच लांबी एक पूर्ण तरंगलांबी होते, म्हणजे पुन्हा तोच प्रकार. याउलट सगळं मिळून १०-११ मीटर असतं, म्हणजे पाव तरंगलांबी, तर ७ मेगाहर्ट्झला वर खूप मोठा इम्पिडन्स दिसला असता आणि बाहेर जवळपास काहीच गेलं नसतं. ‘माझ्याकडे बॅलन नाही, तरी सगळं झकास चालतं’ असं सांगणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. त्याच्या केबलची लांबी त्याच्यावर मेहेरबान असते. दोन मीटर जोडल्यावर आकडा का बदलला, तेही यातच आलं.

हा प्रवाह केबलवर असला म्हणून बिघडलं कुठे? प्रक्षेपणाची बहुतेक ऊर्जा तर हवेतच जाते. डायपोलच्या बाबतीत हा युक्तिवाद काही अंशी मान्य आहे. लांबच्या स्टेशनला कदाचित फरक जाणवणारही नाही. दिशा धरणाऱ्या यागी अँटेनाच्या प्रक्षेपणाचा मात्र आकार बिघडतो, मागची आणि बाजूची स्टेशनं जितकी दबायला हवीत तितकी दबत नाहीत. आणि घरात जो तमाशा होतो तो वेगळाच. माइकच्या धातूला ओठ लागला की चटका, आवाजात घरघर, शेजारच्यांच्या स्पीकरमधून आपलं भाषण, एफटी-८ हा डिजिटल मोड चालू असताना ऐन प्रक्षेपणात संगणकाचं यूएसबी तुटणं. केबलचा तिसरा हात टेबलापर्यंत आलेला असतो, त्यामुळे खोलीतली प्रत्येक तार त्याच्या शेजारची होते.

माझ्या मते मोठं नुकसान ऐकण्यात होतं, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. जी वाट प्रवाहाला खाली आणते तीच त्याला वर नेते. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायच्या डब्याचा अडॅप्टर, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा कंट्रोलर, या सगळ्यांत झटपट चालू-बंद होणारे स्विच असतात आणि त्यांचा कचरा वायरिंगमधून, अर्थमधून केबलच्या बाहेरच्या अंगावर चढतो. तो वर फीड पॉइंटपर्यंत जातो, तिथे जाळीच्या कडेवरून आत वळतो आणि केबलच्या पोटातून अगदी व्यवस्थित, कुठलीही गळती न होता, रिसीव्हरमध्ये येतो. अँटेना पंधरा मीटर उंच नेऊनही ती घरातलाच गोंगाट ऐकत बसते. पुण्या-मुंबईत ७ मेगाहर्ट्झला एस-मीटरचा काटा एस-७ च्या खाली उतरत नाही म्हणून शहराला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपल्या केबलची बाहेरची बाजू तपासावी. सगळा गोंगाट तिथून येत नाही, पण जो येतो तो बंद करता येतो.

पाटाचा एक फाटा बंद करायचा तर त्याच्या तोंडाशी बांध घालतात. चोक म्हणजे तो बांध. खुबी अशी की तो फक्त बाहेरच्या वाटेवर बसतो, आतल्या वाहतुकीला त्याचा पत्ताही लागत नाही. केबल फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून गुंडाळली, तर मधल्या तारेचा प्रवाह कड्यात एका दिशेने चुंबकक्षेत्र तयार करू बघतो, जाळीच्या आतल्या अंगावरचा तितकाच प्रवाह विरुद्ध दिशेने. दोघांची बेरीज शून्य. कड्याच्या दृष्टीने तिथून काही गेलंच नाही. बाहेरच्या अंगावरच्या प्रवाहाला मात्र खोडून काढणारा जोडीदार नाही. त्याचं क्षेत्र पूर्ण कड्यात बसतं, आणि त्याच्या वाटेत तेवढी मोठी अडचण उभी राहते. कडं केबलच्या बाहेर आहे आणि कामाची सगळी ऊर्जा केबलच्या आत आहे. या एका गोष्टीमुळे १०० वॉटची वाहतूक मुठीत मावणाऱ्या चोकमधून निर्धास्त जाते.

कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीतल्या गुस्ताव ग्वानेला या इंजिनिअरने सप्टेंबर १९४४ मध्ये कंपनीच्या नियतकालिकात ती मांडली : दोन तारांची ट्रान्समिशन लाइन गुंडाळून तिचीच कॉइल करा, म्हणजे लाइनमधून जाणारे समान-विरुद्ध प्रवाह मोकळे जातील आणि बाकीचे अडतील. हौशी मंडळींच्या गळी ती उतरवली वॉल्टर मॅक्सवेल यांनी. डब्ल्यू-२-डीयू हा त्यांचा कॉलसाइन. आरसीएमध्ये असताना त्यांनी १९६० साली सुटलेल्या टायरॉस या हवामान उपग्रहाच्या अँटेनांवर काम केलं होतं. मार्च १९८३ च्या ‘क्यूएसटी’ मासिकात त्यांनी वर सांगितलेली तीन वाहकांची गोष्ट उलगडली आणि उपायही दिला : पातळ कोअ‍ॅक्सवर ७३ नंबरच्या फेराइटचे ५० मणी ओवायचे. वळण नाही, वेटोळं नाही, नुसती मण्यांची माळ. आजही तो प्रकार बाजारात विकला जातो.

बांध किती उंच हवा, इथे मतभेद आहेत. जुन्या पुस्तकांत ‘केबलच्या इम्पिडन्सच्या दहापट’ असा नियम सापडतो, म्हणजे ५०० ओहम. तो अपुरा आहे, आणि का अपुरा ते समजून घेण्यासारखं आहे. इम्पिडन्सचे दोन भाग असतात, रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स. रिअ‍ॅक्टन्सला चिन्ह असतं, कॉइलचा अधिक आणि कपॅसिटरचा उणे. केबलची बाहेरची वाट तिच्या लांबीप्रमाणे कधी कॉइलसारखी वागते, कधी कपॅसिटरसारखी. समजा ती उणे ५०० ओहम रिअ‍ॅक्टन्स दाखवतेय आणि आपण अधिक ५०० ओहमचा निव्वळ कॉइलसारखा चोक मधे घातला. दोघांनी एकमेकांना खाल्लं, बेरीज शून्याजवळ आली. चोक घालून प्रवाह कमी व्हायचा तो वाढला! त्या जागी ५०० ओहम रेझिस्टन्सचा चोक असता तर बेरीज सुमारे ७०७ ओहम झाली असती; केबलची लांबी काहीही असो, रेझिस्टन्सला खोडता येत नाही. म्हणून हल्लीचे जाणकार आकडा काही हजार ओहमचा धरतात आणि त्यातला मोठा वाटा रेझिस्टन्सचा असावा असा आग्रह धरतात. ५,००० ओहम मिळाले तर उत्तम, दोन-तीन हजारांवर बहुतेकांचं भागतं.

पीव्हीसी पाइपवर कोअ‍ॅक्सचीच वेटोळी मारायची पद्धत अजून लोकप्रिय आहे, फुकट असल्यामुळे. २० सेंटिमीटर व्यासाचे सात फेरे म्हणजे साधारण १५ मायक्रोहेन्री, ७ मेगाहर्ट्झला सहा-सातशे ओहम, आणि जवळजवळ सगळे रिअ‍ॅक्टन्सचे. म्हणजे नेमका तोच धोका. एखाद्या बँडवर ती वेटोळी स्वतःच्या फेऱ्यांमधल्या कपॅसिटन्सबरोबर रेझोनन्सला येऊन छान काम करतील, पुढच्या बँडवर शोभेपुरती उरतील.

रेझिस्टन्स म्हटलं की लोकांना उष्णता आठवते. चोकमध्ये हजारो ओहम रेझिस्टन्स ठेवला तर तो जळणार नाही का? गणित करून बघू. ५० ओहमच्या अँटेनावर १०० वॉट म्हणजे सुमारे ७० व्होल्ट. दोन्ही हात सारखे असतील तर चोकवर त्यातले निम्मे, ३५ व्होल्ट येतात. चोक ५,००० ओहमचा असेल तर प्रवाह ७ मिलिअँपिअर आणि उष्णता पाव वॉट. तोच ५०० ओहमचा असेल तर ७० मिलिअँपिअर आणि अडीच वॉट, म्हणजे दहापट. कमकुवत चोकच जास्त तापतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर चोकच्या काळ्या डबीत तसंही भाजून निघायला होतं. त्यात फेराइट ठरावीक तापमानापलीकडे गेलं की चुंबकीय गुणच सोडून देतं, चोक नाहीसा होतो आणि मीटर भलतंच सांगू लागतो. गार झालं की पुन्हा सगळं ठीक. चालू-बंद होणारा असा दोष शोधताना माणूस हैराण होतो.

कडं कुठलं घ्यावं, यात पैसे सर्वात जास्त वाया जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत राखाडी, पिवळी, तांबडी कडी किलोवर मिळतील, पण त्यांच्यावर नंबर नसतो, आणि रंगावरून चोक होत नाही. तांबडं कडं म्हणजे बहुधा २ नंबरची लोहभुकटी. तिची पारगम्यता फक्त १०. ट्यून सर्किटसाठी ती अप्रतिम, इथे निरुपयोगी : टी२००-२ वर बारा फेरे मारले तर पावणेदोन मायक्रोहेन्रीसुद्धा होत नाहीत, ७ मेगाहर्ट्झला सुमारे ७६ ओहम. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधलं पिवळं-पांढरं कडंही लोहभुकटीचंच. आपल्याला हवं फेराइट, आणि तेही या वारंवारतेला मुद्दाम ऊर्जा खाणारं. फेअर-राइट कंपनीचं ३१ नंबरचं मिश्रण, पारगम्यता १,५००, खालच्या बँडांना उत्तम. ४३ नंबरचं, पारगम्यता ८००, मधल्या-वरच्या बँडांना चांगलं. माप एफटी२४० म्हणून ओळखलं जातं : बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर, आतला साडेपस्तीस.

३१ नंबरच्या अशा एका कड्यावर आरजी-५८ चे बारा फेरे बसतात, ओढाताण न करता. फेरा मोजायचा तो भोकातून केबल किती वेळा गेली यावर. सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून लांब ठेवायचे, कारण दोन टोकं जवळ आली की त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून प्रवाह चोकला वळसा घालून निघून जातो. इतके कष्ट करून बांधलेल्या बांधाशेजारी आपणच चर खणल्यासारखं. फेरे घट्ट आवळायचा मोह होतो, तो टाळावा. आरजी-५८ च्या आतलं पॉलिथिलीन उन्हात मऊ पडतं आणि घट्ट वळणावर मधली तार हळूहळू त्यातून सरकत जाळीच्या दिशेने जाते. वर्ष-दोन वर्षांनी एके दुपारी शॉर्ट. टेफ्लॉनची आरजी-४०० किंवा आरजी-३१६ परवडत असेल तर हा प्रश्नच येत नाही. डबीचं तोंड नेहमी खाली, आणि तळाला एक बारीक भोक ठेवलेलं बरं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात ‘वॉटरप्रूफ’ डबी नावापुरतीच असते. पाणी आत शिरणारच, ते बाहेर पडायला वाट हवी. जाळी जिथे सोलून जोडली आहे तिथे डांबरी टेप आणि वर स्वयंचिकट रबरी टेप घट्ट लावावी, नाहीतर जाळी वातीसारखं पाणी शोषते आणि ते केबलच्या आत कित्येक मीटर उतरतं.

आता गुणोत्तरांबद्दल. बाजारात बॅलन १:१, ४:१ अशा नावांनी मिळतात. १:१ म्हणजे इम्पिडन्स न बदलणारा, आणि आतापर्यंत ज्याचं वर्णन केलं तो चोक हाच उत्तम १:१ बॅलन. ४:१ मध्ये इम्पिडन्सही बदलतो. ज्यांच्या घरी दूरदर्शनच्या काळात गच्चीवर यागी होती त्यांनी तो पाहिलेला आहे : अँटेनाच्या फोल्डेड डायपोलला ३०० ओहम, टीव्हीच्या मागच्या खोबणीला ७५ ओहम, मधे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत दोन भोकांचा फेराइटचा तुकडा आणि चार-दोन फेरे. १४५ मेगाहर्ट्झच्या यागीला हेच काम कोअ‍ॅक्सच्या अर्ध्या तरंगलांबीच्या वळशाने होतं. केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ६६ टक्के वेगाने चालते, म्हणून तो तुकडा ६८ सेंटिमीटरचा.

४:१ घेताना विचारायचा प्रश्न हा की आतली जोडणी कुठली आहे. बेल लॅब्जच्या क्लाइड रुथ्रॉफ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली एक रचना अतिशय सुटसुटीत आहे आणि स्वस्त बॅलनमध्ये बऱ्याचदा तीच असते. ती अँटेनाच्या दोन हातांवर समान-विरुद्ध व्होल्टेज लादते. कागदावर हे बरोबर दिसतं. गच्चीवर मात्र डायपोलचा एक हात पाण्याच्या टाकीवरून जातो आणि दुसरा मोकळ्या हवेत, म्हणजे हातांचे इम्पिडन्स वेगळे. सारखं व्होल्टेज दिलं तर प्रवाह वेगवेगळे होतात आणि उरलेला फरक केबलच्या बाहेरून खाली येतो. अँटेना प्रक्षेपण करते ते प्रवाहामुळे, तेव्हा सारखे करायचे तर प्रवाह. ग्वानेलाची ४:१ रचना तेच करते : दोन वेगवेगळ्या कड्यांवर दोन लाइन, खाली समांतर जोडलेल्या, वर एकापुढे एक. तिला कडी दोन लागतात म्हणून ती महाग. रुथ्रॉफची डबी आधीच घरात असेल तर फेकायची गरज नाही, तिच्या खाली एक १:१ चोक जोडला की काम भागतं.

एका टोकाने जोडायच्या अर्धतरंग तारेचा आता फार बोलबाला आहे, गच्चीची अडचण असलेल्यांना ती सोयीची पडते. तिच्यासोबत ४९:१ ट्रान्सफॉर्मर येतो, फेऱ्यांचं गुणोत्तर ७:१, तारेच्या टोकाचे अडीच हजारांच्या आसपासचे ओहम ५० वर आणणारा. हा चोक नव्हे. इथे उलट परतीचा थोडाफार प्रवाह कुठेतरी जायलाच हवा, आणि दुसरी काही सोय केली नसेल तर तो केबलवरूनच जातो. म्हणून चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटून न लावता दोन-तीन मीटर खाली लावतात. तेवढी केबल प्रतितार म्हणून वापरायची, पुढची बंद. उभ्या अँटेनालाही ‘ती मुळातच अनबॅलन्स्ड, तिला बॅलन कशाला’ म्हणून वगळतात. जमिनीपासून वर, तीन-चार रेडिअलवर, म्हणजे पायथ्यापासून पसरलेल्या तारांवर, उभी असेल तर तिलाही चोक हवा. केबलचं बाहेरचं अंग तिथे आणखी एक रेडिअल होऊन बसतं.

फीड पॉइंटला चोक लावूनही काम पूर्ण होईलच असं नाही. केबल डायपोलच्या एका हाताखालून समांतर नेली असेल तर तिच्यावर प्रवाह जोडणीतून नव्हे, हवेतून चढतो, आणि वरचा चोक त्याला अडवू शकत नाही. केबल तारेशी काटकोनात जमेल तितकी सरळ खाली आणावी. घरात शिरते तिथे दुसरा चोक लावावा. खोलीतला गोंगाट वर जाऊ नये म्हणून तो पहिल्याइतकाच उपयोगी पडतो.

प्रवाह आहे की नाही हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. दोन अर्धुकांत उघडणारं क्लिपचं फेराइट घ्या, त्यावर दहा-पंधरा फेरे बारीक तारेचे, फेऱ्यांच्या टोकांना शंभरएक ओहमचा रेझिस्टर, पुढे ओए७९ सारखा जर्मेनियम डायोड, छोटा कपॅसिटर आणि जुन्या टेपरेकॉर्डरच्या लेव्हल मीटरचा काटा. ही क्लिप केबलभोवती बंद करून कमी शक्तीचं प्रक्षेपण केलं की काटा फक्त बाहेरचा प्रवाह दाखवतो, आतला त्याला दिसतच नाही. एका जागी शून्य आलं म्हणून समाधान मानू नये, केबलवर उभ्या लहरी असतात. क्लिप मीटर-दोन मीटर सरकवून बघावी. डायपोलच्या दोन हातांवर फीड पॉइंटजवळ तीच क्लिप लावली तर काटे सारखे येतात का, हेही कळतं.

चोकची परीक्षा टेबलावरच होते. नॅनोव्हीएनए हा दोन पोर्टचा छोटा मापक आता बऱ्याच हौशी मंडळींकडे असतो. चोकच्या एका टोकाची जाळी पहिल्या पोर्टच्या मधल्या पिनला, दुसऱ्या टोकाची जाळी दुसऱ्या पोर्टच्या मधल्या पिनला, दोन्ही पोर्टच्या जमिनी एकमेकींना, तारा बोटभर. केबलची मधली तार तशीच मोकळी. मग एस-२१ मध्ये, म्हणजे पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात पोचणाऱ्या सिग्नलमध्ये, किती डेसिबलची घट दिसते ते वाचायचं. चोक बव्हंशी रेझिस्टिव्ह असेल तर २० डेसिबल म्हणजे ९०० ओहम, ३० म्हणजे तीन हजारांच्या वर, ४० म्हणजे जवळपास दहा हजार. बँडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आलेख सपाट डोंगरासारखा दिसला तर तो ऊर्जा खाणारा चोक. उंच सुळका आणि दोन्ही बाजूंना दरी दिसली तर तो कॉइलसारखा. नंबर नसलेल्या कड्याची ओळखही अशीच पटते.

टेबलावर संगणक अजूनही अडखळत असेल तर यूएसबीच्या केबललाही हाच न्याय लावावा. तिथे एकच क्लिप अडकवून लोक निराश होतात, कारण एक क्लिप म्हणजे एक फेरा. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो : तीच केबल त्याच क्लिपमधून तीनदा फिरवली तर नऊपट, आणि मोठ्या कड्यातून सात-आठदा नेली तर पन्नास-साठपट.